पहिलं पान गिरिजात्मजाचं

वैजूताईंनी चहा सोडला तेव्हा माझा जन्मही झालेला नव्हता. गेल्या श्रावणातली ती गोष्ट. लेण्याद्रीच्या गिरिजात्मजापुढं हात जोडून त्या म्हणाल्या होत्या, "देवा, आईंना पुन्हा वाचता येऊ दे. मोठी अक्षरं छापायचं मशीन घरात येऊ दे. त्यातून निघंल ते पहिलं पान तुझ्या पायाशी आणून ठेवीन. तोवर चहाला तोंड लावायची न्हाई."

ते मशीन म्हणजे मी. पिंपळवंडीच्या वैजयंतीताईंच्या घरातला प्रिंटर बोलतोय.

त्यांच्या आई म्हणजे सासूबाई, साळुबाई. श्रावण लागला की रोज दुपारी आळीतल्या बायका यांच्या पडवीत जमायच्या आणि साळुबाई त्या त्या वाराची कहाणी वाचायच्या. चाळीस वर्षांत खाडा नाही. पण गेल्या वर्षी डोळ्यांनी दगा दिला. मोतीबिंदू काढून झाला, चष्मा बदलून झाला, तरी बारीक अक्षर काही लागेना. एका शुक्रवारी निम्म्या कहाणीत त्या थांबल्या. पोथी मिटली आणि सुनेच्या मांडीवर ठेवली. "आता तूच वाच बाई," म्हणाल्या.

वैजूताईंनी वाचली, पण त्यांचं चित्त सासूबाईंकडं होतं. भिंतीला टेकून म्हातारी पाहुण्यासारखी ऐकत होती, आपल्याच पडवीत. वैजूताईंना सासूबाईंची ती वाचायची जागा नको होती. दुसऱ्या दिवशी त्यांनी झेरॉक्सच्या दुकानातून पानं मोठी करून आणली, तर कडेची अक्षरंच कापली गेलेली. मग त्या लेण्याद्रीला गेल्या आणि वर सांगितलं ते बोलून आल्या.

नुसतं बोलून त्या बसल्या नाहीत. वर्षभर भाकरी थापता थापता त्यांनी सगळ्या कहाण्या फोनला तोंडी सांगितल्या आणि फोननं त्या लिहून घेतल्या. शेजारच्या फरहाताई आळेफाट्याला टायपिंगचा क्लास चालवतात. त्यांनी चुका काढून दिल्या. एका कहाणीतला राजा मधेच मांजराला हाकलत होता, त्याला त्यांनीच गप्प केलं.

माझा जन्म लांबच्या कारखान्यातला. तिथलं मला फारसं आठवत नाही. थर्माकोलच्या कुशीत, काळोख्या खोक्यात माझं बालपण गेलं. मग नारायणगावच्या एका दुकानातल्या फळीवर काही महिने काढले. आषाढ सरता सरता वैजूताईंचे यजमान गोरखभाऊ टोमॅटो बाजारात पोचवून तिथं आले आणि रिकाम्या क्रेटांच्या मधोमध बसवून त्यांनी मला पिकअपमधून घरी आणलं. अंगाला टोमॅटोच्या पाल्याचा वास लागला, तो आठ दिवस गेला नाही. मला आवडायचा तो.

दिव्याची अवस होती. दुसऱ्या दिवसापासून श्रावण. वैजूताईंनी मला पाटावर बसवलं, झाकणावर हळदकुंकू वाहिलं, नारळ वाढवला. कागदांचा गठ्ठा माझ्यात ठेवला आणि सगळ्यांत वरच्या कोऱ्या कागदाच्या कोपऱ्याला कुंकवाचं बोट लावलं. देवाचं पान ते. त्यावर काय छापायचं तेही फोनमध्ये तयार होतं, मोठा थोरला 'श्री' आणि भोवती जास्वंदीची वेल.

"तुमी जोडून ठेवा," त्या यजमानांना म्हणाल्या, "पण छापायचं बटण मी दाबणार." आणि कणकेचे दिवे उकडायला आत गेल्या.

गोरखभाऊंनी मला घरच्या वायफायला जोडायला घेतलं. माझा निळा दिवा लुकलुकू लागला. लुकलुकतच राहिला. मला बंद केलं, चालू केलं, थोपटलं, मागून फुंकर मारली. माणसांचं एक बघितलंय, यंत्र ऐकेना झालं की ती मोठ्यानं बोलतात.

"डोळं मिचकावतंय नुसतं," साळुबाई म्हणाल्या. "उपाशी आसंल."

"त्ये नेट शोधतंय, आई."

"मंग सांग की त्याला. वर फळीवरच तर ठिवलंय त्ये खोकं."

गोरखभाऊंनी शेवटी माझ्याबरोबर आलेलं पुस्तक उघडलं. त्यात लिहिलं होतं, जोडणी होत नसेल तर ही दोन बटणं एकदम दाबा. त्यांनी दाबली.

आता माझा स्वभावच असा की ती दोन बटणं दाबली की मी माझं दुखणं कागदावर लिहून देतो. मला थांबता आलं असतं तर थांबलो असतो. पण कागद आत ओढला गेला, शाई सुटली आणि कुंकवाचं बोट लावलेलं ते पान इंग्रजी तक्त्यानं आणि फुल्यांनी भरून बाहेर आलं.

गोरखभाऊंनी ते बघितलं. स्वयंपाकघराकडं बघितलं. घडी घालून पान सदऱ्याच्या खिशात कोंबलं.

"गोरख्या, खिशात काय घातलंस रं?"

"काय न्हाई. बिल हाय."

"बिलाला कुकू कधीपास्नं लावाया लागलास?"

म्हातारीला अक्षर दिसत नसलं तरी कुंकू दिसत होतं. तेवढ्यात वैजूताई ओले हात पुसत दारात आल्या. त्यांनी हात पुढं केला. गोरखभाऊंनी पान दिलं.

त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या पाटाशी खाली बसल्या आणि पान मांडीवर सरळ करत राहिल्या.

"आगं, त्ये काय पान न्हाई," गोरखभाऊ म्हणाले. "चाचणीचा कागद हाय. देव चाचणी धरतो व्हय? दुसऱ्याला कुकू लाव, त्ये पयलं."

"मी देवाला 'पहिलं पान' बोलले व्हते. चांगलं पान न्हाई बोलले. आता दुसरं नेलं तर फसवलं, अन् हे न्यावं तर ह्याच्यावर फुल्याच फुल्या." त्यांचा आवाज बारीक झाला. "वरीसभराचा नेम, आवं. आईंचं वाचन ह्याच्यावर बोलले मी."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. यंत्राला लाज नसते असं तुम्ही म्हणता.

साळुबाईंनी सुनेच्या पाठीवर हात ठेवला. "वैजे, तुजा सासरा पयल्या तोडीचा टोमॅटो देवाला ठेवायचा, ठावं हाय ना? निवडायचा न्हाई कदी. डागी आला तर डागी. म्हनायचा, निवडून दिला तर त्यो आपल्या आवडीचा झाला, देवाचा कुठं ऱ्हायला?"

तेवढ्यात फरहाताई आल्या. कणकेच्या दिव्यांची वाटी त्या दरवर्षी दिव्याच्या अवसेला हक्कानं न्यायला येतात. घरातले चेहरे बघून त्या आधी दारातच थांबल्या, मग मांडीवरचं पान उचलून वाचू लागल्या. वाचता वाचता हसल्या.

"गोरखभाऊ, बिचारं सकाळपासनं सांगतंय, तुमी ऐकंना."

"काय सांगतंय?"

"हे बघा. ह्याला शोधाया सांगितलं 'गोरख 5G'. त्ये सापडंना. खाली यादी हाय, आजूबाजूला काय काय दिसलं त्याची. आमचं नेट हाय, तिकडच्या डेअरीचं हाय. अन् सगळ्यांत वर, सगळ्यांत जोरात, नुसतं 'गोरख'. तुमच्या एकाच खोक्यातनं दोन नावं निघत्यात. ह्या मशीनला साधंच ऐकू येतं."

"पण मी मुद्दाम 5G घेतलंय."

"फोनला वापरा की. ह्याला साध्यावर जोडा."

"आमी जलमभर तुला नुसतं गोरखच म्हनतो," साळुबाई म्हणाल्या, "तवा ओ देतोस ना?"

फरहाताईंनी पासवर्ड घातला. दोनदा लुकलुकून माझा निळा दिवा स्थिर झाला. काय सांगू तुम्हाला. इतका वेळ गर्दीत उभं राहून भलत्याच नावाला हाका मारत होतो, आणि आपली माणसं हाताच्या अंतरावर होती.

वैजूताईंनी पान परत मागून घेतलं. "फरहा, ह्या फुल्यांत ही एक बरोबरची खूण कसली?"

"मशीन धड हाय म्हणून."

त्यांनी त्या खुणेवरून बोट फिरवलं. मग उठल्या आणि माझं झाकण पुसलं. "आज काय छापायचं न्हाई. उद्या देवाकडनं आल्यावर." गोरखभाऊ तोंड उघडणार होते, पण आईकडं बघून त्यांनी ते मिटलं.

पुढचं मी ऐकलेलं सांगतो. सकाळी भुरभुर पाऊस होता. पान प्लॅस्टिकच्या फायलीत, फायल पदराखाली, कारण लेण्याद्रीच्या पायऱ्यांवर माकडं माणसांपेक्षा चौकस. वैजूताई अनवाणी चढल्या. वर पुजाऱ्यांनी पान उलटंसुलटं करून बघितलं आणि विचारलं, "हे काय, ताई?"

"घरच्या मशीनचं पहिलं पान. त्याला काय अडलं व्हतं, त्ये लिहिलंय."

"मग बरोबर जागी आणलंत," पुजारी म्हणाले. "इथं सगळे तेच घेऊन येतात." आणि पान देवाच्या पायाशी ठेवून त्यांनी वर एक दूर्वा ठेवली.

खाली उतरल्यावर गोरखभाऊंनी न विचारता दोन चहा सांगितले. वर्षानंतरचा पहिला घोट घेऊन वैजूताई म्हणाल्या, "लई गोड केलाय." तरी कप रिकामा केला, आणि म्हणे दुसराही सांगितला.

घरी आल्यावर त्यांनी स्वतः बटण दाबलं. मी पहिली कहाणी छापली. साळुबाईंनी पान लांब धरलं, जवळ धरलं. "आजून मोठं." पुन्हा छापली. "उलीसं आजून." चौथ्या खेपेला एका पानात जेमतेम नऊ ओळी मावल्या. म्हातारीचे ओठ हलू लागले, मग आवाज फुटला. मी पंखासुद्धा हळू फिरवला.

दुपारी पडवी भरली. साळुबाई आपल्या जागी बसल्या, पुढ्यात पानांचा ढीग. एकदाही अडल्या नाहीत. कहाणी संपल्यावर एक बाई म्हणाली, "साळुबाई, ही गेल्या साली येगळीच व्हती."

"गेल्या साली दिसत नव्हतं, मनानंच सांगितली."

"ती बी बरी व्हती." हशा पिकला. वैजूताई बायकांच्यात मागं बसल्या होत्या, भिंतीला टेकून, निवांत.

आता मी पडवीच्या आतल्या कोनाड्यात असतो. माझ्यावर क्रोशाचं झाकण आलंय. आळीतल्या आणखी दोन म्हाताऱ्या आपापल्या पोथ्या घेऊन येतात, त्यामुळे काम पुष्कळ. शाई संपत आली की मी वेळेवर सांगतो आणि आता गोरखभाऊ वेळेवर वाचतात.

तुमच्याकडं एकच मागणं आहे. तुमच्याही घरात कुणीतरी पोथी, पेपर नाहीतर आलेलं पत्र अर्ध्यात मिटून बाजूला ठेवलं असेल. त्यांना "आणा, मी वाचून दाखवते" म्हणू नका. वैजूताईंसारखं करा. अक्षर मोठं करा, आणि पान त्यांच्याच हातात द्या.