डाव्या हाताची पाखरे

सोमवार, दिनांक ६ जानेवारी २०२५, सकाळी अकरा वाजून दहा मिनिटे. स्थळ: अकोल्याहून मूर्तिजापूरकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या एका गावची जिल्हा परिषद प्राथमिक शाळा, इयत्ता तिसरीचा वर्ग. आपण दोन महिने स्वतःचीच फसवणूक करून घेत होतो, हे वर्गशिक्षिका रागिणी तायडे यांना कळले ते या ठिकाणी आणि या वेळी.

वर्गात सहा संगणक होते. अमरावतीच्या राजापेठेत चौतीस वर्षे टंकलेखनाचे वर्ग चालवून अखेर त्यांना कुलूप लावणाऱ्या मोतीराम सपकाळ यांनी ते दिवाळीनंतर शाळेला दिले होते. पण सहजासहजी नव्हे. पंचवीस जानेवारीला आपण स्वतः येऊ, बोट दाखवू त्या मुलाला बसवू, आणि त्याने कळफलकाकडे न पाहता पाच ओळी टंकून दाखवाव्यात, अशी त्यांची अट होती. न जमल्यास सहाही यंत्रे अचलपूरच्या एका शाळेत जायची होती.

"खेळानं बोटं शिकत नाहीत, मॅडम," बाईंचा खेळातून शिकवायचा बेत ऐकून ते जाताना बजावून गेले होते. "बोटं सरावानं शिकतात, आणि सराव म्हणजे कंटाळा. कंटाळा सोसला तो टायपिस्ट झाला. बाकीचे नुसते बडवतात."

"आठ वर्षांच्या लेकराला कंटाळा शिकवावा लागत नाही, सर," रागिणीबाईंनी तिथल्या तिथे उत्तर दिले होते. "तो त्याला उपजतच येतो."

खेळ त्यांच्या धाकट्या भावाने, स्वप्निलने, रचून दिला होता. पडद्यावर ज्वारीचे शेत. वरून पाखरे उतरत, प्रत्येकाच्या छातीवर एक अक्षर; छाती कोरी असेल तर दोन शब्दांत जागा सोडणारी तळाची लांब पट्टी दाबायची. ते अक्षर कळफलकावर दाबले की पाखरू उडे. उशीर झाला की एक कणीस फस्त होई. सरकारमान्य मराठी कळफलकात काना, मात्रा, वेलांट्या बहुतांशी डाव्या हाताला आणि व्यंजने बहुतांशी उजव्या हाताला असतात. मुले अठरा, यंत्रे सहा. तेव्हा प्रत्येक यंत्रावर तिघे. दर शनिवारी त्या दिवशी वाचलेली कणसे मोजली जात. डिसेंबरअखेर काही यंत्रांवर नऊशेच्या वर कणसे वाचू लागली, आणि बाईंनी ते आकडे त्या यंत्रावरच्या प्रत्येक मुलाच्या नावापुढे मांडून सपकाळांना पत्राने कळवले. त्या पत्रात थोडी ऐट होती हे नाकारण्यात अर्थ नाही.

त्या सोमवारी आचल एकटीच यंत्रापुढे बसली होती. तिच्या यंत्रावरचा पियुष मामाच्या गावी गेला होता आणि तिसरा ललित अजून डबा धूत होता. पाखरे उतरू लागली. मात्रेचे पाखरू आचलने डोळ्याचे पाते लवण्याआधी उडवले. मग 'क' आला, 'त' आला, 'च' आला, आणि ती मांडीवर हात ठेवून शांतपणे पाहत राहिली. शेत भुईसपाट झाले.

"आचल, काहून दाबत नाहीस?"

"थे माही पाखरं नाईत, मॅडम. थे पियुषची हायेत."

"म्हणजे?"

"माही डाव्या अंगाची. पियुषची उजव्या अंगाची. निंदायले गेलं की माय कशी पात धरते, तशी. दुसऱ्याच्या पातीत शिरलं की माय शिव्या देते."

"आणि ललित?"

"थो लांब पट्टी दाबते. अन् पाखरू आलं की वरडते."

पात म्हणजे निंदणी करणाऱ्या बाईच्या वाट्याला येणारा पिकाचा पट्टा. ती ज्या शिस्तीने आपला पट्टा धरून पुढे सरकते, त्याच शिस्तीने या अठरा मुलांनी कळफलकाची वाटणी करून घेतली होती. कोणी सांगितले नव्हते. सांगावे लागलेच नव्हते. प्रत्येकाने एका बोटाने आपला पट्टा राखला होता, आणि तिघांचे काम बाईंनी एकेका मुलाच्या नावापुढे मांडले होते. चूक मुलांची म्हणता येत नव्हती. शेताचे चित्र दाखवून शेताची रीत पाळू नका असे म्हणायला तोंड तरी कुठे होते?

मुख्याध्यापक गोवर्धन काळमेघ यांच्याकडे उपाय तयार होता. "पायलले बसवा. तिच्या घरी कॉम्प्युटर हाय, दहाही बोटं चालतात पोरीचे."

"सपकाळसरांचं बोट दुसऱ्यावर पडलं तर?"

"दुसरं कोण राहते? बाकीच्याइले त्या दिवशी सुटी."

"एक लेकरू हजर अन् सतरा गैरहजर, सर? असा पट पाहून ते पेढे वाटतील का?"

"मंग तुमी जाना अन् तुमचे पाखरं जाने," काळमेघ म्हणाले, आणि खिचडीच्या तांदळाची पोती मोजायला निघून गेले.

रागिणीबाईंनी त्याच दुपारी अमरावतीला फोन लावला. सत्य सांगायचेच असेल तर ते उन्हे कलण्याच्या आत सांगावे. रात्रीतून माणसाला सबबी सुचतात.

"म्हणजे एकेका पोराच्या नावावर तीन पोरांचं काम?" सपकाळांनी विचारले.

"हो, सर. आकडे मीच चुकीचे कळवले."

"तारीख बदलणार नाही."

"मी कुठं मागितली?"

पलीकडून फोन ठेवल्याचा आवाज आला.

हातात एकोणीस दिवस होते. पहिले चार दिवस त्यांनी प्रतिपक्षाला दिले, कारण वाद घालणाऱ्याने समोरच्याचा मार्ग एकदा चालून पाहावा हे त्यांना मान्य होते. खेळ बंद केला. कळफलकाची मधली ओळ डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे, चाळीस वेळा. मंगळवारी मुलांनी केले. बुधवारी कुरकुरत केले. गुरुवारी ललितला कळफलकावर डोके टेकून झोप लागली, आणि त्याच्या कपाळाखालच्या 'प'ने चार पाने भरून काढली. शुक्रवारी पियुष मामाकडून परतला आणि पाच मिनिटांत म्हणाला, "मॅडम, थे पाखरं मेले का?"

शनिवारी पाखरे परत आली. पण तत्पूर्वी बाईंनी भावाला फोन केला होता.

"त्यांचा वेग निम्म्यावर आण."

"ताई, म्हाताऱ्या पाखरांत मजा काय राहील?"

"मजा मागून. आधी शेत."

मग त्यांनी मुलांची वाटणी मोडली नाही, फिरवली. एक शेत संपले की तिघांनी जागा बदलायच्या: डाव्याने उजवीकडे, उजव्याने लांब पट्टीवर, पट्टीवाल्याने डावीकडे. पहिल्या दिवशी नऊशे कणसांची साठ झाली. पियुषने ललितला ढकलले. "याच्यापायी आपलं शेत गेलं, मॅडम! याले 'अ' कुठं हाय थे बी ठाव नाई!"

"तुला ठाव आहे ना? मग सांग त्याला. पण बोट लावायचं नाही, तोंडानं सांगायचं."

"तोंडानं त्याले समजत नाई."

"मग तुला सांगता येत नाही. शीक."

आठवड्याभरात कणसे दोनशेवर आली. तेव्हा बाईंनी प्रत्येकाला पाळीपाळीने एकटे बसवले आणि दहा बोटांना दहा पाती वाटून दिल्या. 'ि' आणि 'र' या दोन कळांवर एकेक बारीक उंचवटा असतो; डाव्या तर्जनीचे घर पहिला, उजव्या तर्जनीचे दुसरा. तिथून निघायचे, आपली कळ दाबायची, तिथेच परतायचे. उरलेल्या दोघांनी मुलाच्या हातांवर पुठ्ठा धरायचा, आणि त्याची नजर खाली वळली की "धुऱ्याच्या आत!" म्हणून ओरडायचे. ही आरोळी आचलची. शेताचा बांध तो धुरा. तो ओलांडून कोणी आत शिरले की गावात असेच ओरडतात. ती अशी काही लागू पडली की काळमेघ दोनदा दार उघडून काय जळाले ते पाहून गेले.

एक अडचण मात्र ओरडून सुटणारी नव्हती. आठ वर्षांच्या मुलाची करंगळी आखूड. 'ट' गाठताना तिच्याबरोबर सगळा पंजा घर सोडून घसरे. सपकाळांच्या शास्त्रात करंगळीची कळ अनामिकेने दाबणे हा गुन्हा होता. बाई दोन दिवस अडून बसल्या. तिसऱ्या दिवशी त्यांनी स्वतःच्या मुठीशेजारी ललितची मूठ ठेवून पाहिली आणि परवानगी दिली: करंगळी वाढेपर्यंत तिची पात शेजारणीने राखावी. हे आपण विचारल्याशिवायच सपकाळांना सांगायचे, हेही त्यांनी तेव्हाच ठरवले.

शनिवार, पंचवीस तारखेला सपकाळ सकाळच्या बसने आले. चहा नाकारून त्यांनी अठराही मुलांचे हात पालथे करून पाहिले.

"करंगळीचं काम अनामिकेकडे दिलंय, सर," बाई म्हणाल्या. "हात लहान आहेत."

"मी चौतीस वर्षांत अशी सूट दिली नाही."

"तुमच्याकडे तिसरीतलं लेकरू कधी आलं होतं का?"

सपकाळ मुलांकडे वळले. त्यांचे बोट पायलवरून, आचलवरून, पियुषवरून पुढे गेले आणि ललितपाशी थांबले. काळमेघांनी मान खाली घातली.

पडद्यावर शेत नव्हते, पाखरू नव्हते. कोरे पान होते. ललितने विचारले, "सर, पाखरं कोठून येतील?"

"माझ्या तोंडून," सपकाळ म्हणाले, आणि आदल्या दिवशी स्वतः रचलेला मजकूर सावकाश सांगू लागले. "कापसाची गाडी पुलावर थांबली."

ललितने दोन उंचवटे चाचपले. पहिला शब्द लागला. दुसऱ्याला 'ड'साठी त्याचा उजवा हात घर सोडून गेला आणि परतताना एक कळ चुकला. पडद्यावर भलतेच अक्षर उमटले. त्याची मान हळूहळू वाकू लागली. सतरा तोंडे "धुऱ्याच्या" म्हणायला उघडली. बाईंनी हात वर करून ती मिटवली. आज कोणी सांगायचे नव्हते. ललितने मान अर्ध्यावर थांबवली, सपकाळांच्या शर्टाच्या वरच्या बटनावर डोळे रोवले, आणि बोटांनी परत उंचवटा शोधला. चुकलेले अक्षर खोडले. पुढचे दाबले. पाच ओळींना एकवीस मिनिटे लागली. तेवढ्यात बाहेर दोन एसट्या येऊन गेल्या.

सपकाळांनी चष्मा बदलला, ओळीखाली ओळ पेनाचे टोक फिरवले, घड्याळ पाहिले. रागिणीबाई उभ्या होत्या. त्यांना त्या क्षणी एकही मुद्दा आठवत नव्हता.

"चुका सहा," सपकाळ म्हणाले. "गती नाहीच, माझ्या वर्गात याला परीक्षेचा फॉर्मही मिळाला नसता. नजर एकदाही खाली गेली नाही. यंत्रं इथंच राहतील."