वाढदिवसाची टोपी

मित्रांनो, दूरच्या मेक्सिको देशात विणलेली मी एक जुनी टोपी. माझा काठ एवढा रुंद, की भर उन्हात माझ्या सावलीत माणूस आणि त्याची गिटार दोघंही मावत.

माझा धनी लग्नांत गाणी म्हणायचा. त्याच्या बायकोने माझ्या काठाला लाल गोफ शिवला. तिला सरळ टाका कधी जमला नाही, त्यामुळे गोफ एके ठिकाणी वाकडाच राहिला. धनी म्हणायचा, "राहू दे. गर्दीत माझी टोपी मला लगेच सापडेल." गाणं संपलं की तो मला छातीशी धरून मान लववी. दुसऱ्या कुणाच्या डोक्यावर त्याने मला कधी चढू दिलं नाही, पोटच्या पोरीच्याही नाही.

ती पोर मोठी झाली, पोटासाठी परक्या शहरात गेली आणि तिथल्या एका मेक्सिकन हॉटेलात स्वयंपाकाला लागली. तिकडे सगळे तिला मावशी म्हणत. धनी वारला तेव्हा तिला घरी जाता आलं नाही. मग तिच्या आईने मला जुन्या चादरीत गुंडाळून तिच्याकडे पाठवलं. भटारखान्यात, कांद्यांच्या पोत्यावर बसून तिने मला उघडलं आणि माझ्यात तोंड खुपसून रडली. धन्याच्या केसांचा वास तेव्हा माझ्यात ताजा होता.

हॉटेलचा मालक आत आला, तेव्हा तिने डोळे पुसले होते. "वा, मावशी! ही बाहेर लावू या. जरा वातावरण येईल." माणूस वाईट नव्हता. त्याने मेक्सिको पाहिला नव्हता, एवढंच. तिनेही मान हलवली. खोलीत एकटं पडून राहण्यापेक्षा बाबा गाण्यात, माणसांत राहतील, असं तिला वाटलं.

बाहेर गंमतच होती. कोपऱ्यात प्लास्टिकचं निवडुंग. गाणी लागत ती भलत्याच देशाची. मावशीने एकदा आईसारखी भाजक्या मिरच्यांची काळसर चटणी केली, तर ताट परत आलं. गिऱ्हाईक म्हणालं, "हे काही खरं मेक्सिकन नाही."

"लोकांना आवडतं तसं करा मावशी," मालक म्हणाला. "वर चीज घाला."

ती चीज घालू लागली. आपलेच दात, आपलेच ओठ. सांगणार कुणाला?

मग कुणाचा तरी वाढदिवस आला. वाढप्याने मला खिळ्यावरून काढून त्या पाहुण्याच्या डोक्यावर ठेवलं, त्याला खोटी मिशी चिकटवली आणि सगळ्यांनी टाळ्या पिटल्या. झालं, तेव्हापासून मी वाढदिवसाची टोपी. फसवण्याला तुम्ही टोपी घालणं म्हणता ना? इथे रोज कुणाला तरी टोपी घातली जाई आणि तो हसून फोटो काढून घेई. लोकांनी मला अक्षरशः डोक्यावर घेतलं. कुणाचं तेल, कुणाचं अत्तर, कुणाचा घाम माझ्यात मुरत गेला. मावशी आत भाजत, चिरत असे. बाहेर येण्याची तिला सवड नव्हती आणि कुणी बोलावतही नव्हतं.

बऱ्याच वर्षांनी तिची आई तिला भेटायला आली. एका दुपारी मावशीने तिला हॉटेलात आणलं, पुढच्या दाराने, आणि खिडकीजवळ बसवलं. "आई, तू बस. मी आत जाऊन तुझ्यासाठी करून आणते."

म्हातारीची नजर माझ्यावर पडली. ती उठली. वाढप्याची भाषा तिला येत नव्हती, म्हणून तिने आधी माझ्याकडे बोट केलं, मग स्वतःकडे. वाढप्याला वाटलं, आजींचा वाढदिवस. त्याने मोठ्या प्रेमाने मला तिच्या डोक्यावर ठेवलं. सगळं हॉटेल टाळ्या वाजवून गाऊ लागलं. शेजारच्या टेबलावरची बाई म्हणाली, "अगदी खऱ्या मेक्सिकन दिसतात की!"

ताट घेऊन मावशी बाहेर आली आणि दारातच थबकली. "ही माझ्या बाबांची टोपी आहे," ती हळूच म्हणाली.

टाळ्या थांबल्या. मालक पुढे आला. "मावशी, कधी बोलला नाहीत... घेऊन जा. आत्ताच न्या."

म्हातारीने मला उलटं केलं. वाकड्या टाक्यावरून बोट फिरवलं. मग मला नाकाशी धरलं, बराच वेळ. "ह्यात ते नाहीत गं," ती म्हणाली आणि दोन्ही हातांनी मला वाढप्याकडे दिलं.

"आई, नेऊ या ना घरी."

"कशाला? रोज हुंगत बसेन आणि रोज दुसरंच कुणीतरी भेटेल."

मग ती जेवायला बसली. चमच्याने वरचं चीज बाजूला सारून तिने खालची चटणी चाखली.

"चटणी माझी आहे. हे वरचं कुणाचं?"

"लोकांचं," मावशी म्हणाली.

आता मालकाने मला काचेच्या पेटीत ठेवलं आहे. कुणाला हात लावू देत नाही. मावशी मागच्या दाराने येते, मागच्या दाराने जाते.

मित्रांनो, परक्याची वस्तू आवडली तर खुशाल हातात घ्या. पण आधी विचारा, ही कुणाची? सांगणारं माणूस बहुधा भिंतीपलीकडेच उभं असतं. मला पहिल्यांदा खिळ्यावरून काढलं, तेव्हा एवढं कुणी विचारलं असतं, तर त्या म्हातारीला माझ्यात तिचा नवरा सापडला असता.