सातवं ठिकाण

“सातवं सोडून कुठलंही सांगा,” केहरू म्हणाला. “सहा आहेत की. सहा काय कमी झाली?”

पाहुणा भिंतीकडे बघत उभा होता. घराच्या बाहेरच्या भिंतीवर निळ्या रंगात मोठाल्या अक्षरांत लिहिलेलं होतं, ‘पांगीतली न पाहिलेली ठिकाणं’. खाली एक ते सात आकडे. गरम पाण्याचा झरा, देवदारांत लपलेलं लाकडी देऊळ, रानजिऱ्याचा उतार, अशी एकेक. सर्वांत खाली, जागा संपत आली म्हणून दाटीवाटीने लिहिलेलं: ‘जोताखालचं तळं. जाऊन येऊन एक दिवस. माझ्यासोबत यावे.’ जोत म्हणजे इकडच्या बोलीत डोंगरातली खिंड.

“मला तळंच बघायचंय, चाचा,” पाहुणा म्हणाला. त्याचं नाव नवदीप. अंबाल्याहून पांगीच्या या खोऱ्यात आलेला, पस्तिशीचा, अंगाने थोडा सुटलेला माणूस. एकटाच आला होता आणि बसमधून उतरल्यापासून त्याने एकही फोटो काढला नव्हता.

“तिथे आता वाट राहिली नाही.”

तेवढ्यात हिमदेई हात पुसत बाहेर आली. “अहो टपालसाहेब,” नवऱ्यावर चिडली की ती त्याला याच नावाने हाक मारायची, “दोन दिवस बसचे धक्के खात माणूस आलाय, आणि तुम्ही उंबऱ्यातूनच त्याला नाही म्हणता? वाट नाही म्हणे! तीस वर्षं पाठीवर टपाल घेऊन ते जोत ओलांडत होतात, तेव्हा काय सरकारने सडक बांधून दिली होती?”

“गुडघा दुखतो.”

“काल बकरीमागे धावताना नव्हता दुखत.” मग ती पाहुण्याकडे वळली. “नेतील ते. आमच्या इंदरने लिहिलंय हे. तळ्याचं लोकांना फार कौतुक सांगायचा. नऊ वर्षं झाली त्याला जाऊन. तिथेच पाय घसरला बघ. क्षणात गेला, काही कळलंसुद्धा नाही पोराला.”

नवदीपने मान खाली घातली. केहरू कुऱ्हाड उचलून घरामागे गेला.

इंदर क्षणात गेला नव्हता. हे गावात एकट्या केहरूला ठाऊक होतं.

त्या वर्षी सप्टेंबरातच बर्फ पडलं. इंदर तेव्हा सव्वीस वर्षांचा. किलाडच्या बाजारात भेटलेल्या दोघा शहरी पोरांना घेऊन तो परस्पर तळ्यावर गेला, तिथून त्यांना जोत ओलांडून पलीकडच्या खोऱ्यात पोहोचवायचं होतं. तिसऱ्या दिवशी सकाळी टपाल कचेरीत फोन आला, तो केहरूनेच उचलला. नाव न सांगता कुणीतरी म्हणालं, तुमचा माणूस तळ्यावर आहे, पाय मोडलाय. सात तासांची वाट केहरूने पाच तासांत कापली. तळ्याकाठच्या कपारीत इंदर भिंतीला टेकून बसलेला होता. पुढ्यात राख. आधी वाळलेली झुडपं जाळलेली, मग काठी, मग पाठीवरच्या पिशवीच्या पट्ट्या, शेवटी डाव्या पायातला बूट. उजवा पाय सुजून बुटातच अडकला होता. केहरूने त्याच्या काखेत हात घातला, तेव्हा तिथे अजून ऊब आहे असं त्याला वाटलं होतं. ते त्याने आजवर कुणालाच सांगितलं नव्हतं.

घरी येऊन त्याने बायकोला सांगितलं की पोर कड्यावरून पडलं, जागच्या जागी गेलं. मागाहून पोलिसांनी त्या दोघांपैकी एकाला शोधून जबाब घेतला. आम्ही बर्फात वाट चुकलो, दोन दिवस भटकत होतो, फोन दिसताच केला. केहरूला ते पटलं. त्या जोतात बर्फात तो स्वतः दोनदा चुकला होता. त्याने कधी त्या पोरांना शिव्या दिल्या नाहीत. उलट, बिचारी वाचली तरी, असंच म्हणायचा.

दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता दोघे निघाले. हिमदेईने कुट्टूच्या पिठाची धिरडी, लोणी आणि उकडलेले बटाटे बांधून दिले. “सावकाश न्या हं,” ती म्हणाली, “तुमच्या हरकाऱ्याच्या चालीने नका पळवू पाहुण्याला.”  

देवदार संपले, भूर्जाची झाडं लागली, तीही संपली. देवीच्या शिळेशी केहरूने चप्पल काढून हात जोडले. इथून पुढे गावच्या बायका जात नसत, त्यामुळे हिमदेईने तळं कधी पाहिलेलंच नव्हतं. ओढ्यावर एकच ओंडका टाकलेला होता, सकाळी पाणी कमी असतं म्हणून तो सहज ओलांडता आला. नवदीप धापा टाकत होता, पण थांबू या म्हणत नव्हता.

दगडांच्या पसाऱ्याआधी वाट दुभंगते. उजवीकडची चांगली रुळलेली दिसते, मेंढपाळांची. ती कुठेच जात नाही, कड्यापाशी संपते. नवखा माणूस हटकून उजवीकडे वळतो. केहरू लघवीला म्हणून मागे थांबला होता. त्याने वर पाहिलं, तर नवदीप मान खाली घालून, न थबकता डावीकडे वळला.

केहरू तिथेच उभा राहिला. मग चालायला लागला. 

तळं लागलं तेव्हा दुपारचे बारा वाजून गेले होते. वारा नव्हता. पलीकडचं जोत पाण्यात उलटं पडलं होतं. नवदीपने पाण्याकडे पाहिलंच नाही. तो सरळ कपारीकडे बघत होता.

“तू आधी आलायस इथे,” केहरू म्हणाला.

नवदीप खाली बसला.

“दुसरा का? पोलिसांच्या कागदात ज्याचं नाव नव्हतं तो?”

“हो, चाचा.”

“वाट चुकला होतात तुम्ही.”

“नाही.”

केहरू त्याच्यासमोरच्या दगडावर बसला. “सांग,” म्हणाला.

नवदीपने सांगितलं. इंदरचा पाय दोन दगडांमध्ये सापडून मोडला. दोघांनी उचलून त्याला कपारीत आणलं. मागे परतावं तर दगड बर्फाखाली गेलेले, आणि ओढ्यावरचा ओंडका दिसेल की नाही कुणास ठाऊक. इंदरच म्हणाला, जोत ओलांडा, चार तासांत पहिलं गाव लागेल, तिथे दुकानात फोन आहे, आमच्या टपाल कचेरीत कळवा. माझे बापू रातोरात येतील, ही वाट त्यांना झोपेतसुद्धा चालता येते. दोघे निघाले. संध्याकाळच्या आत खाली पोहोचले.

“दुकान उघडं होतं?”

“हो.”

“फोन चालू होता?”

नवदीपने दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. “चालू होता. मी तिथून बिस्किटं घेतली, चाचा. फोन तिथेच होता, माझ्या हातापाशी. माझा मित्र म्हणाला, आपण परवानगी न काढता आलोय, पोलीस आपल्याला अडकवतील. म्हणाला, हे इथलेच लोक, त्यांना सवय असते, कुणीतरी वर जाईलच. आमचे पाय बधिर झाले होते. जीप मिळाली, आम्ही बसलो. हॉटेलात जाऊन झोपलो. दुसरा दिवसही झोपूनच काढला. तिसऱ्या दिवशी मला राहवेना. मित्राला न सांगता बाहेर जाऊन मी फोन केला.”

केहरूने हिशेब करायचा नाही असं ठरवलं, पण टपालाच्या माणसाचं डोकं ऐकेना. पहिल्या दिवशी संध्याकाळी फोन. आठला निघालो असतो. पहाटे इथे. तेव्हा अजून काठीसुद्धा जळायची बाकी असेल. बूट तर पायातच असेल.

“शेवटचं काय म्हणाला तो?” त्याने विचारलं. आवाज कुणा दुसऱ्याचाच आल्यासारखा वाटला.

“आम्ही निघालो तेव्हा हसला. म्हणाला, बापूंना सांगा, अंधारात घाई करू नका म्हणावं. मी आहे इथे.”

केहरू उठला आणि पाण्याच्या कडेला गेला.  पाठीवर काही नसतानाही त्याचे खांदे ओझ्याखाली असल्यासारखे पुढे आले होते.

“मला झोप लागत नाही, चाचा,” मागून नवदीप म्हणाला. “मुलगी झाली मला. ती झोपली की मला हे आठवतं. मी चाचींच्या पायांवर डोकं ठेवतो, सगळं सांगतो. त्या काय मारायचं ते मारू देत मला. त्यासाठीच आलोय.”

“नाही सांगायचं.” केहरू वळला. “तिला वाटतं, तो क्षणात गेला. या एवढ्या एका गोष्टीवर ती नऊ वर्षं जेवते, झोपते, माझ्याशी भांडते. ती तू काढून घेणार?”

“पण मला...”

“तुला ओझं उतरवायचंय. उतरवलंस ना? इथे उतरवलंस, माझ्यापाशी. झालं. माझ्या घरात न्यायचं नाही.”

नवदीप रडू लागला. केहरूने त्याला गप्प केलं नाही. फडकं सोडून त्याच्यासमोर धिरडी ठेवली, स्वतः काही खाल्लं नाही.

उतरताना केहरू पुढे होता, आणि या खेपेला खरंच हरकाऱ्याच्या चालीने चालत होता. मागचा माणूस कुठे राहिला हे त्याने वळून पाहिलं नाही. ओढ्याशी आला तेव्हा उन्हाने वरचं बर्फ वितळून पाणी फुगलं होतं. ओंडक्यावरून शिंतोडे उडत होते. तो ओलांडून पलीकडे गेला आणि काठावर बसला.

नवदीप अर्ध्या घटकेने आला. ओंडक्यावर चार पावलं टाकली आणि मध्यावर अडकला. पुढे येता येईना, मागे जाता येईना. तो ओंडक्यावर ओणवा झाला, दोन्ही हातांनी त्याला मिठी मारली. “चाचा!” त्याने हाक मारली. पाण्याच्या आवाजात ती नीट ऐकू आली नाही, तोंड तेवढं उघडलेलं दिसलं.

केहरू बसून राहिला. खाली पाणी मातकट, दगड गडगडवत चाललेलं. इथे पडलेलं माणूस थेट खाली खोऱ्यातल्या चंद्रभागेतच निघतं, तेही निघालं तर. कुणी विचारलंच असतं तर पाय घसरला एवढंच सांगायचं होतं. त्यात खोटं काही नसतं. “चाचा!” पुन्हा हाक आली. केहरू पाण्याकडे बघत होता. किती वेळ ते त्याला पुढे कधी नीट आठवलं नाही.

मग तो उठला. ओंडक्यावर अनवाणी गेला, खाली वाकला आणि नवदीपचं मनगट धरलं.

“पाण्याकडे बघू नकोस,” तो म्हणाला. “माझ्याकडे बघ. डावा पाय आधी.”

काठावर आल्यावरही नवदीपने त्याचा हात सोडला नाही. केहरूनेच तो सोडवून घेतला.

घरी पोहोचले तेव्हा दिवस मावळत होता. हिमदेई दारातच उभी होती. “किती उशीर! पळवलंत ना पाहुण्याला? तोंड बघा त्याचं कसं झालंय. डोळे बघा!”

“उंचीवर डोकं चढतं शहरातल्यांचं,” केहरू म्हणाला आणि हातपाय धुवायला गेला.

ती चुलीशी नवदीपला बसवून राजमा वाढू लागली. “मग? बघितलंस तळं? एक खरं सांग मला. पाणी निळं आहे का रे खरंच? इंदर म्हणायचा, आई, आभाळापेक्षा निळं. मी म्हणायचे, चल, गिऱ्हाइकाला सांगायच्या गप्पा आईला सांगतोस.”

पळीतला राजमा ताटात पडला. नवदीपने केहरूकडे पाहिलं. केहरू कोपऱ्यात पाय पुसत होता, त्याने मान वर केली नाही.

“निळं आहे, चाची,” नवदीप म्हणाला. “आभाळापेक्षा निळं.”

“बाई गं! म्हणजे खरंच सांगत होता.” ती हसली आणि पदराने डोळे टिपले. “आणखी घे. लाजतोस काय? त्याच्याच वयाचा तू. तोही असाच, डोंगरावरून आला की ताटात बोटं फिरवत बसायचा, जेवायचा नाही. माझ्या हातचं काय विष आहे?”

नवदीप जेवला. एकेक घास गिळायला त्याला पाण्याचा घोट लागत होता. ती वाढत राहिली आणि तो नको म्हणू शकला नाही.

सकाळच्या बसला दोघे त्याला पोहोचवायला आले. हिमदेईने त्याच्या मुलीसाठी फडक्यात थांगी, रानातल्या खायच्या बिया, बांधून आणल्या होत्या. “फोडून दे तिला, कवच कडक असतं, दात पाडील नाहीतर.” नवदीप तिच्या पायांवर वाकला आणि वाकलेलाच राहिला. “अरे, उठ, उठ,” ती म्हणाली, “आईच्या पायांवर इतका वेळ डोकं ठेवत नाहीत. बस सुटेल.”

केहरू बसच्या टपावर चढला होता. त्याने नवदीपची बॅग दोन गोण्यांच्या मधोमध बसवली, वरून दोर आवळला, गाठ मारली. ओढून पाहिली. रस्ता वाईट होता, म्हणून दुसरी गाठ मारली. खाली उतरला. नवदीप काहीतरी बोलायला पुढे झाला, तेव्हा केहरू म्हणाला, “उजवीकडच्या खिडकीशी बस. डावीकडे दरी आहे, तुला भीती वाटेल.”

बस वळणाआड जाईपर्यंत हिमदेई हात हलवत होती.

“चांगला पोरगा आहे,” ती म्हणाली. “पुन्हा येतो म्हणाला का?”

“येईन म्हणाला.”

“मग त्या भिंतीला पुन्हा रंग द्यायला हवा. अक्षरं पुसट होत चाललीत.” ती चढ चढू लागली. दहा पावलांवर तिच्या लक्षात आलं, मागे पावलं वाजत नाहीयेत. तिने वळून पाहिलं. केहरू रस्त्याकडेच्या दगडावर बसला होता. या चढावर तो कधी, पाठीवर पंधरा किलो टपाल असतानासुद्धा, बसलेला तिने पाहिला नव्हता.

“काय हो? गुडघा?”

“हं,” तो म्हणाला. “तू हो पुढे. घाई करू नकोस. मी आहे इथे.”

आपण काय बोललो ते त्याच्या कानांवर आलं, तेव्हा ती पाठ फिरवून चालू लागली होती.