दोन वावरांमधला धुरा

मित्रांनो, मी एक जुना धुरा आहे. धुरा म्हणजे दोन वावरांमधली मातीची उंच कड. अकोल्याहून बार्शीटाकळीकडे निघालात, की शहराची घरं संपतात तिथे मी पडून असतो. वखरताना निघालेले दगड अन् ढेकळं रचून माणसांनी मला घडवलं. माझ्या एका अंगाला इंदूबाईंची काळी जमीन, दुसऱ्या अंगाला वामनरावांची मुरमाड.

हिवाळ्यात धुकं उतरलं, की मला वाटे मी मेथी-पालकाच्या हिरव्या पाण्यावर तरंगतो आहे. शहराचे दिवे दूर लुकलुकत. पुढे ते दरवर्षी जवळ सरकू लागले. मग मला माती लावायला कुणी येईना. मी खचत गेलो.

एका सकाळी इंदूबाईंचा मुलगा कुंदन माझ्यावर येऊन बसला.

"माय, लेकरं मोठी होऊन राहिली. एका खोलीत किती दिस काढायचे? वावराचे प्लॉट पाडू."

मेथी खुडता खुडता इंदूबाई म्हणाल्या, "घर त पायजेच रे बाप्पा. पण ही माती सिमेंटाखाली गेली, त पुन्हा दिसन काय?"

दोघांचंही खरं होतं. म्हणूनच मला भीती वाटली.

काही दिवसांनी शहराची आखणी करणाऱ्या पौर्णिमाताई आल्या. त्यांच्या नकाशात दोन्ही वावरांवर घरंच होती. मी कुठेच नव्हतो. त्या दिवसभर दोन्ही वावरांतून हिंडल्या आणि संध्याकाळी सगळ्यांना बोलावून म्हणाल्या, "घरं सगळी मुरमावर बांधू, दुमजली, जवळजवळ. काळी जमीन पिकाला ठेवू."

वामनराव उसळले. "अन् मी काय करू? मुरमाड असलं तरी वावर हाय माहं. शेतकऱ्यानं बिनवावराचं राहावं काय?"

माझ्या हद्दीवरून या दोन घरांचं बोलणं कधीचंच तुटलेलं. तरी इंदूबाई मला ओलांडून पलीकडे गेल्या.

"भाऊ, कुंदनले घरापुरती जागा द्या. माह्या काळ्या मातीत अर्धा वाटा तुमचा."

वामनरावांनी वाकून माझ्यापलीकडची काळी माती मुठीत घेतली. मग हळूच म्हणाले, "मंग गहू मी पेरीन. जिंदगीभर मुरूमच उकरला मी."

नकाशा बदलायला बराच काळ गेला, पण तो बदलला. आता मुरमावर घरं आहेत, दोऱ्यांवर कपडे वाळतात. काळ्या मातीत वामनरावांचा गहू डोलतो. मी हद्द उरलो नाही, पायवाट झालो. घरातल्या बाया माझ्यावरून सांभार, म्हणजे कोथिंबीर, घ्यायला येतात. त्यांच्या पावलांनी मला गुंगी येते.

मित्रांनो, घरं जरूर बांधा. पण काळ्या मातीचा एक तुकडा शहराच्या कुशीत जागता ठेवा. तिला सिमेंटाखाली झोपवलंत, तर ती पुन्हा उठणार नाही.