बादल बसला

शनिवारी उन्हं कलली आणि करंजदऱ्यात एकच गिल्ला झाला, मेहरुनबीचं कुत्रं मारुतीची भक्ती करतंय. पोरंसोरं पळाली, बाया तव्यावरची भाकरी तशीच टाकून पळाल्या, आणि ज्यांना गुडघ्यांमुळं पळता येत नव्हतं ती म्हातारी माणसं 'आमास्नी बी सांगा रं काय झालं' म्हणत काठी टेकत निघाली. कोरेगाव तालुक्यातलं एवढंसं गाव, त्यात घडून घडून घडायचं काय? बिबट्या दिसल्याची आवई, नाहीतर ग्रामपंचायतीचं भांडण. इथं तर साक्षात कुत्र्याला देव भेटला होता.

मेहरुनबी तेव्हा अंगणात ज्वारी पाखडत होती. बातमी ऐकली आणि तिच्या हातातलं सूप हातातच राहिलं. आधी तिला राग आला, मग हसू आलं, आणि मग परत राग आला. कारण ते कुत्रं तिचं नव्हतंच मुळी.

ते होतं तिच्या लेकाचं, रिजवानचं. नाव बादल. रिजवान फौजेत हवालदार, श्वानपथकात. लपवलेला दारूगोळा वासावर हुडकायचा हे बादलचं काम, आणि बादलच्या मागं दोर धरून चालायचं हे रिजवानचं. दोघांनी कैक हिवाळे बर्फात एकत्र काढले आणि रिटायरही एकदमच झाले. रिजवाननं साहेबांकडं अर्ज करून बादलला मागून घेतलं आणि थेट घरी आणलं. आईला मात्र आधी कळवलं नाही. कळवलं असतं तर तिनं एसटी स्टँडावरच दोघांना अडवलं असतं.

तशी मेहरुनबी काही दगडाची नव्हती. पण पाच वक्ताची नमाजी बाई. ज्या घरात कुत्रं त्या घरात फरिश्ते पाऊल टाकत नाहीत, हे तिनं लहानपणापासून ऐकलेलं. कुत्र्याची लाळ लागली तर सात वेळा धुवायचं, त्यात एकदा मातीनं. तिनं मुद्दाम कोरेगावला जाऊन मौलानांना विचारलं. ते म्हणाले, राखणीचं कुत्रं, मेंढरांमागचं कुत्रं, शिकारीचं कुत्रं, त्याला मुभा आहे, नुसत्या हौसेचं नको. झालं! मेहरुनबीनं तेवढंच गाठीला बांधलं.

"कामाच्या कुत्र्याला मुभा हाय," तिनं लेकाला सुनावलं, "आणि ह्यो तर रिटायर."

रिजवान काकुळतीला आला. बादलला रूह आहे, माणसासारखा आत्मा आहे म्हणाला, मी डोळ्यांनी बघितलीय म्हणाला. कुठं बघितलीस, असं तिनं विचारलं तर त्याला धड सांगता येईना. शेवटी मायलेकांत ठरलं की रविवारपर्यंत बादल गोठ्यात राहील. तोवर अम्मीचं मन वळलं तर ठीक, नाहीतर रविवारच्या गाडीनं तो मेरठला परत, जिथं फौजेची म्हातारी कुत्री ठेवतात. रिजवाननं मोबाईलवर तिकीट काढलं आणि तेव्हापासून त्याला घास गोड लागेना.

आणि गोठ्यात राहतंय कोण! बादल दिवसभर मेहरुनबीच्या मागं मागं. ती धुणं धुवायला गेली की हा नळापाशी, ती नमाजला बसली की हा उंबऱ्याबाहेर पंजांवर तोंड टेकून. त्या शनिवारी सकाळी रिजवान पेन्शनच्या कामाला साताऱ्याला गेला आणि मेहरुनबीला कोनाड्यात एक निळा रबरी चेंडू दिसला. बादलच्या दातांनी चावून चावून चिंबलेला. तिच्या कोनाड्यात, तिच्या तसबीहच्या माळेशेजारी! तिचं टाळकंच सणकलं. तिनं चिमट्यानं चेंडू उचलला आणि परसातल्या उकिरड्यावर भिरकावला. बादल काही बोलला नाही, बोलणार काय म्हणा. उकिरड्याच्या कुंपणाला दोन फेऱ्या मारल्या आणि बापडा गावात निघून गेला.

आणि आता हे.

घरात तिचा भाऊ फारूक पाहुणा आलेला, पलूसला त्याचा द्राक्षांच्या पेट्यांचा धंदा. तो चप्पल घालत म्हणाला, "आपा, आपलं कुत्रं देवळापुढं, लोक काय म्हणतील?" मेहरुनबीनं काठी घेतली आणि तरातरा निघाली. आज त्या कुत्र्याची धडगत नव्हती.

देवळापाशी जत्रा लोटलेली. देवळाच्या डाव्या अंगाला भिंतीला भिंत लावून भाऊसोचं पत्र्याचं शेड, त्याला टेकून कडब्याची गंज. भाऊसो विहिरी फोडायचा ठेकेदार. स्वारी सध्या जत भागात कामावर, शेडला कुलूप. त्या शेडच्या आणि देवळाच्या बेचक्यात बादल बसला होता. कान उभे, शेपटी गप्प, अंगाचा केससुद्धा हलत नव्हता. दर शनिवारी मारुतीला तेल घालणाऱ्या हरणाबाईनं त्याच्या कपाळाला कुंकू लावलेलं, गळ्यात रुईची माळ घातलेली, आणि स्वतः हात जोडून उभी.

चौऱ्याऐंशी लक्ष योनी फिरून जीव येतो, हरणाबाई सगळ्यांना सांगत होती, ह्यो गेल्या जन्मी पुजारी असणार, काहीतरी सेवा ऱ्हायली असणार. तिच्यासमोर अनंत गुरुजी कमरेवर हात ठेवून उभे. गुरुजींनी जन्मभर शाळेत विज्ञान शिकवलं, आणि देव, भूत, आत्मा ह्यातलं काही म्हणजे काही मानलं नाही. ते म्हणाले, अजून माणसाचा आत्मा कुणाला सापडला नाही, कुत्र्याचा कुठून आणताय? मेंदू आहे, सवय आहे, सावली बघून बसलाय. हरणाबाई उसळली.

"जनावराला आत्मा न्हाई म्हंता? आवं, मग ज्याला आमी तेल घालतोय तो कोण हाय?"

लोक असे हसले की पारावरची कबुतरं उडाली. गुरुजीसुद्धा हसले. मग फारूकलाही राहवेना. तोही मध्ये पडला. रूह जनावराला असतेच, म्हणाला, सगळी पाखरं, सगळी जनावरं आपापल्या बोलीत अल्लाचं नाव घेतात. फक्त कयामतीच्या दिवशी त्यांचा आपसातला न्याय झाला की त्यांची माती होते, पुढं जन्नत-दोजख माणसालाच. हरणाबाईनं त्याच्याकडं बघितलं आणि विचारलं की जन्मभर मुक्यानं राखण करायची आणि शेवटाला नुसती मातीच का? फारूक म्हणाला, हे मौलानांनाच विचारायला हवं.

तेवढ्यात गावातला टग्या सिद्धू आणि त्याची गँग हलगी बडवत आली. सिद्धूकडं इलेक्शनची उरलेली फटाक्यांची लांबलचक माळ होती. भक्ताचं स्वागत दणक्यात झालं पाहिजे ना! त्यानं माळ पारापासून पसरत पसरत थेट कडब्याच्या गंजीपर्यंत नेली. हलगीचा कडकडाट, शिट्ट्या, मोबाईल वर धरलेले. कुणाचं कुणाला ऐकू येईना.

ह्या सगळ्या गोंधळातून वाट काढत मेहरुनबी पुढं आली. काठी उगारली. आणि तिचा हात वरच्या वर थांबला.

बादल देवाकडं बघतच नव्हता. त्याचं नाक शेडच्या पत्र्याच्या फटीला लागलेलं होतं. एवढी हलगी कानाशी वाजत होती, तरी त्यानं मान वळवली नाही. फक्त डोळे तिच्याकडं फिरवले, परत फटीकडं नेले, परत तिच्याकडं. मेहरुनबीला लेकाचे शब्द आठवले. रिजवान बर्फातनं फोन करायचा तेव्हा ती विचारायची, काम धोक्याचं हाय का रं? आणि तो हसून म्हणायचा, अम्मी, भिऊ नको. बादल चालला की आमी चालतो. बादल बसला की समदे जागच्या जागी थांबतो.

बादल बसला होता.

ती वळून ओरडली, थांबवा, लावू नका! कोण ऐकतंय? हलगी आणखी चढली. तिनं फारूकचा हात ओढला, फारूकला वाटलं आपा चिडलीय, तो तिलाच समजावायला लागला. सिद्धू पेटती उदबत्ती घेऊन खाली वाकला. मेहरुनबीनं क्षणभर इकडंतिकडं बघितलं, काठी फेकली, आणि वातीपाशीच त्या फटाक्यांच्या माळेवर मांडी घालून बसली.

सिद्धूची उदबत्ती हातातच राहिली. हलगी एकदम बंद पडली. हरणाबाईला वाटलं मेहरुनला बी साक्षात्कार झाला, आणि ती तिच्याही पाया पडायला निघाली. पण अनंत गुरुजी तोवर पुढं आले. ते तिच्यापुढं उकिडवे बसले आणि हळूच विचारलं, काय झालं, भाभी?

"गुरुजी, ह्यो असा बसतो तिथं दारू असती. सुरुंगाची," मेहरुनबी म्हणाली. "शेडात काय हाय ते बघा. आदी पोरं लांब न्या."

गुरुजींचा चेहरा उतरला. त्यांनी सिद्धूची उदबत्ती हिसकून पाण्याच्या बादलीत बुडवली. मोबाईलच्या उजेडात फटीतनं आत डोकावले. आत चाऱ्याखाली खोकी होती, लाल अक्षरांची, वर धोक्याची कवटी. विहिरी फोडायची सुरुंगाची कांडी भाऊसोनं देवळाशेजारी, अंगणवाडीच्या पलीकडं, कडब्याला लावून दडवलेली! गुरुजींनी जन्मात कधी काढला नसेल असा आवाज काढला आणि अख्ख्या गावाला शाळेच्या मैदानावर पिटाळलं. कुणीतरी पोलिसांना फोन लावला. पळापळीत कुणाची चप्पल राहिली, कुणाचा मोबाईल राहिला.

आणि बादल राहिला.

मैदानावर पोचल्यावर मेहरुनबीला ते दिसलं. सगळं गाव इकडं आणि तो एकटा तिकडं, कपाळाला कुंकू, गळ्यात माळ, तसाच ताठ. फारूकनं शिट्टी वाजवली, सिद्धूनं बिस्कीट दाखवलं, पोरांनी हाका मारल्या. हलेल तर शपथ. तिनं रिजवानला फोन लावला. तो परतीच्या एसटीत होता. ऐकताऐकता त्याचा आवाज फाटला. अम्मी, तो उठणार न्हाई, म्हणाला. काम झालं असं त्याला सांगावं लागतं. कोनाड्यात निळा चेंडू हाय, तो त्याच्या तोंडात द्यायचा आणि शाबास म्हणायचं. त्याबिगर रात्रभर तिथंच बसंल तो.

मेहरुनबीनं फोन ठेवला आणि धूम ठोकली. ह्या वयात! परसात शिरली आणि उकिरड्यात दोन्ही हात घातले. शेण, राख, कांद्याची सालं, काही बघितलं नाही. रडत होती आणि उकरत होती, स्वतःलाच शिव्या घालत होती. चेंडू हाताला लागला तेव्हा तिनं तो पदरानं पुसला, ज्या पदरानं ती नमाजला डोकं झाकायची त्याच पदरानं.

फारूकनं वाटेत तिला अडवलं. आपा, पोलीस येतील, ते बघतील, एका कुत्र्यासाठी जीव घालवतीस का? मेहरुनबीनं त्याचा हात झिडकारला.

"कुणीतरी येईल म्हणून बसलाय रं तो," ती म्हणाली, आणि एकटी चालत गेली.

रिकाम्या चौकात ती त्याच्यापुढं वाकली. तळहातावर चेंडू धरला. बादलनं तो इतक्या हळू उचलला की दात लागले नाहीत, नुसती ऊन लाळ लागली. ती म्हणाली, शाबास. तेव्हा कुठं त्याची शेपटी हलली, आणि मग अशी हलली की सगळं अंगच हलायला लागलं. मेहरुनबी त्याच्या मानेवर हात ठेवून मैदानापर्यंत त्याला घेऊन आली आणि गावानं असा काही जल्लोष केला की तसा इलेक्शनलाही झाला नव्हता.

पोलीस आले, साताऱ्याहून पथक आलं, खोकी गेली. भाऊसोला जतमधूनच उचलला. पण वाद काही मिटला नाही. अनंत गुरुजी म्हणाले की हे शिक्षण आहे, भाभी, वास आणि बक्षीस, तो चेंडूसाठी बसतो.

"तुमी बी पगार घिऊनच शिकवलं की, गुरुजी," मेहरुनबी म्हणाली. "मग काय पोरांवर माया न्हवती?"

गुरुजींनी चष्मा काढून पुसला. माया होती, म्हणाले. आत्मा मी अजूनही म्हणणार नाही, पण उद्या मटणाची हाडं माझ्याकडून.

घरी येऊन मेहरुनबीनं हात धुतले. सात वेळा धुतले, त्यात एकदा मातीनं, जसं सांगितलंय तसं. मग त्याच हातांनी ओसरीवर पोतं अंथरलं आणि बादलला तिथं बसवलं. रिजवान धापा टाकत आला, बादलच्या गळ्यात पडला, आणि मग भीत भीत आईकडं बघितलं.

"तिकीट रद्द कर," ती म्हणाली. "मौलाना म्हणालेत, कामाच्या कुत्र्याला मुभा हाय."

रिजवानला हसू आवरेना आणि डोळेही आवरेनात. "पण अम्मी, तो तर रिटायर झालाय."

मेहरुनबीनं ओसरीवर बघितलं. बादल चेंडू पंजात धरून, कान उभे करून, अंगणाच्या फाटकाकडं तोंड करून बसला होता.

"त्याला सांगितलंय का कुणी?" ती म्हणाली.