राणीची वेणी, तिसरा मजला

रॉटरडॅममधली सगळी सलून बंद होती, म्हणून योगिनीवर ही वेळ आली. शेजारची फोलाके नायजेरियाची. हिवाळ्यात तिचा नवरा तुंडे करोनानं गेला, तेव्हापासून तिनं केस सोडले होते. तिच्या घराण्याची रीतच तशी: केस मोकळे तोवर शोक चालू, आणि तो संपवायला दुसऱ्या बाईनं वेणी घालायची. आज संध्याकाळी झूमवर शेवटची प्रार्थना. आणि वेणी घालणारी बहीण बिसी मास्ट्रिख्टमध्ये पॉझिटिव्ह होऊन पडलेली. नियमानं घरात पाहुणा एकच चालत होता. उरली योगिनी, जिनं कधीतरी बढाई मारली होती, "मला चौपेडी येते."

"बघू तुझी चौपेडी," मोबाइलमधून बिसी खोकत म्हणाली. "आधी भांग पाड. सरळ! मग सगळ्या वेण्या मानेकडं."

योगिनीचा नवरा आइंडहोवनच्या चिप बनवणाऱ्या यंत्रांवर केसाहून बारीक रेघा आखायचा; लेकीचा भांग मात्र त्याच्या हातून कानाकडं वळायचा. त्यामुळे घरात भांगाचं खातं योगिनीकडंच होतं.

तिनं फोलाकेच्या केसांत बोटं घातली. तिच्या सांगलीकडचे केस बोटांतून निसटतात. हे केस बोटं धरून ठेवत होते.

"आमच्याकडं डोकं वाचतात," फोलाके म्हणाली. "कुणाची लेक, लग्न झालंय का, घरात कोण गेलंय. तोंड उघडावं लागत नाही."

"म्हणजे डोक्यावरच पासपोर्ट."

"हो, पण फोटो बरा येतो."

उसाच्या सऱ्या पाडाव्यात तशा वेण्या टाळूवर उमटू लागल्या. योगिनीला वाटलं, हे आपण करत नाही, आपल्या हातून होतंय. तापानं बिसीचा डोळा लागला. पडद्यावर नुसती घोरणारी नाकपुडी उरली. आणि योगिनीचे हात सवयीनं चालले. पोक्त बाईचे केस म्हणजे अंबाडा. तिनं सगळ्या सऱ्या वर, माथ्याकडं चढवल्या.

बिसी जागी झाली ती किंचाळतच. "अगं, ही शुकु झाली! पूर्वी राजाच्या राण्या घालायच्या!"

योगिनीनं वेणीचं टोक धरलं. "सोडू?"

"वेळ नाही," म्हणत फोलाकेनं लॅपटॉप उघडला.

चौकटीचौकटीतल्या बायका पडद्याजवळ सरकल्या. इबादानची म्हातारी आत्या चष्मा लावून बराच वेळ वाचत राहिली. मग राणीपुढं टेकावेत तसे तिनं गुडघे टेकले. त्यात फोन निसटला आणि तिच्या चौकटीत नुसता पंखा फिरू लागला. पंख्याखालून आवाज आला, "तुंडेनं तुला असंच ठेवलं होतं. बरोबर लिहिलंय."

एकेक करून बाकीच्यांनीही गुडघे टेकले. हसत, डोळे पुसत. फोलाके आधी रडली, मग पंख्याकडं बघून खदखदून हसली. हिवाळ्यानंतर पहिल्यांदाच.

प्रार्थना संपल्यावर ती मान ताठ ठेवून कचरा टाकायला निघाली. कचऱ्याची पिशवी योगिनीनं घेतली आणि कुणी न सांगता दोन पावलं मागून चालू लागली.