उस्तादाची भिंत

"लाव की वळंबा. कामून थांबलास?" मारोती मिस्त्री म्हणाला आणि मुद्दाम आपल्याच भिंतीकडे पाठ करून उभा राहिला.

धर्मराज हातातल्या ओळंब्याची दोरी नुसतीच बोटाला गुंडाळत होता. कामोठ्याच्या या पोराला थापी धरायला मारोतीनेच शिकवलं होतं. आज स्वतःची टोळी असली म्हणून काय झालं? उस्तादाच्या भिंतीला शिष्याने ओळंबा लावायचा नाही, ही गवंड्यांची रीत. लावणं म्हणजे भर पंगतीत बापाला हात धुतलेत का विचारण्यासारखं.

पण कळंबोलीच्या त्या साइटवर नव्या इंजिनियरसाहेबांचा नियम होता. एका टोळीची भिंत दुसऱ्या टोळीच्या मिस्त्रीने तपासायची, तीही विटांमधला माल ओला असतानाच. मागच्या इमारतीत कललेल्या भिंती जाड गिलाव्याखाली दडपल्या, तो गिलावा ढासळला आणि अख्ख्या मजल्याची मेहनत पाण्यात गेली. नियम आला तेव्हा सगळे कुरकुरले, मारोती सगळ्यांत जास्त. मग पाडापाडी थांबली, मजले भराभर चढू लागले आणि तोंडं आपोआप मिटली.

धर्मराजने भिंतीच्या माथ्यावरून ओळंब्याचा गोळा दोरीने खाली सोडला. भिंत बाहेर झुकली होती, चांगलीच. परांचीखाली सगळे वर बघत होते. मारोतीची बायको बायजाबाई डोक्यावर घमेलं घेऊन तशीच थांबली. 'बरोबर आहे' म्हटलं असतं तर उस्तादाची पत राहिली असती आणि भिंत वाकडी.

"उस्ताद, भिंत भायेर हाय," धर्मराज म्हणाला. "उतरवाला लागंल."

"गुरूची विद्या गुरूला," खालून कुणीतरी खिदळलं.

मारोती वळला. एक डोळा मिटून त्याने भिंत पाहिली, मग दुसरा मिटून. त्याला ती सरळच दिसत होती. मग त्याने ओळंब्याच्या गोळ्यामागे बोट घातलं. गोळा भिंतीला टेकायला हवा होता; बोट आरपार गेलं. हयातभर ज्या नजरेवर तो मिशीला पीळ देत आला, तिने दगा दिला होता. त्याला फार वाईट वाटलं.

"डोळ्याला सरळच दिसायलीय रे," तो हळूच म्हणाला.

धर्मराज विटा काढायला पुढे झाला.

"तू नको. भिंत माझी हाय."

माल ओला होता, विटा अलगद सुटल्या. या वेळी मारोतीने प्रत्येक थराला दोरी लावली आणि प्रत्येक थराला धर्मराजला हाक मारली. भिंत उभी राहिली तेव्हा धर्मराजने ओळंबा लावला आणि होकाराची मान डोलावली.

खालच्यांचं खिदळणं केव्हाच थांबलं होतं. परांचीवरून उतरताना मारोतीने त्या दिवशी पहिल्यांदाच बायजाबाईला आपला हात धरू दिला. पाऊल चाचपत तो तिला सांगत होता, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात, "माझ्या तोंडावर खरं बोललं पोरगं. म्या शिकवलंय त्याला."